नाव आधीच घेतलेले आहे

कॅनडातल्या नायगारा फॉल्स गावचा जोएल झिमरमन संगणकाचा एक भाग बदलायला बसला. पेटी उघडली तर आत मेलेला उंदीर. हा प्रकार त्याने चॅटरूममधल्या दोस्तांना सांगितला आणि तेव्हापासून तो तिथे ‘मेलेल्या उंदराचा गडी’ झाला. चिडवण्याचे नाव अंगाला चिकटलेच, तर तेच घ्यावे असे त्याने ठरवले. पण ‘डेडमाऊस’चे सरळ इंग्रजी स्पेलिंग तिथल्या मर्यादेत मावेना. मग त्याने अक्षरांची थोडी ओढाताण केली, शेवटच्या ‘एस’च्या जागी तसाच दिसणारा ५ चा आकडा बसवला आणि नाव आठ अक्षरांत कोंबले. पुढे तो इलेक्ट्रॉनिक संगीतातला बडा कलाकार झाला आणि उंदराचे भलेमोठे मुंडके डोक्यावर चढवून कार्यक्रम करू लागला. नवखे श्रोते मात्र आजही त्याच्या नावाचा शेवट ‘फाइव्ह’ असा वाचतात.

इंटरनेटवरच्या नावांच्या गोष्टी काढायला बसले की बहुतेक अशाच निघतात. वरवर हौस दिसते, जरा खरवडले की खाली अडचण सापडते. हवे ते नाव कुणीतरी आधीच घेतलेले असते. जागा अपुरी असते. नोकरी सरकारी असते. घरच्यांना कळले तर पंचाईत असते. आडनाव सांगितले की पुढच्या वाक्याआधी समोरच्याला जात कळलेली असते. मराठी माणसाला या अडचणी नव्या नाहीत, कारण स्वतःला दुसरे नाव लावून घेण्याचा उद्योग आपल्याकडे सातशे वर्षे तरी चालू आहे.

आधी यंत्राची बाजू पाहू. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत १९६१ साली एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा कोण काय काम करतो आहे हे यंत्राला ओळखता येणे भाग होते. पुढे १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत ‘युनिक्स’ ही प्रणाली घडली. तिच्यात प्रवेशाचे नाव आठ अक्षरांपर्यंतच धरले जाई, म्हणून लोक नावाची आद्याक्षरे किंवा पहिला तुकडा वापरत. तिच्या कर्त्यांपैकी केन टॉमसनचे नाव होते नुसते ‘केन’ आणि डेनिस रिचीचे ‘डीएमआर’. त्यात कल्पकता काही नव्हती. कचेरीतल्या फायलीवर मारावी तशी ती खूण होती. १९८८ मध्ये आयआरसी ही गप्पांची सोय आली आणि तिच्या नियमांत टोपणनावाला नऊ अक्षरांची हद्द पडली. ट्विटरने पंधरा अक्षरे दिली, इन्स्टाग्रामने तीस.

आपले खरे नाव सोडून दुसऱ्याच नावाने परक्यांशी बोलायची सवय मात्र आयआरसीच्याही आधीची आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत महामार्गांवर वेगमर्यादा उतरली. ट्रकवाले सीबी या दुतर्फा बोलण्याच्या रेडिओवरून एकमेकांना इंधन कुठे मिळेल आणि पोलीस कुठे उभे आहेत ते कळवू लागले. अशा वेळी खरे नाव कोण सांगणार? प्रत्येकाने एकेक ‘हँडल’ घेतले. ही लाट इतकी पसरली की राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही ‘फर्स्ट मामा’ हे हँडल घेतले. आज सोशल मीडियावरच्या नावाला हँडल म्हणतात तो शब्द याच ट्रकवाल्यांच्या तोंडी रुळलेला.

भारतात या खेळाची सुरुवात बहुतेकांसाठी सायबर कॅफेत झाली. २००० च्या आसपासचे तालुक्याचे गाव, प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेले खण, तासावर मोजलेले पैसे. सचिन नावाचा मुलगा पहिलाच ईमेल उघडायला बसतो. ‘सचिन’ टाकतो, नाव आधीच घेतलेले आहे. आडनाव जोडतो, तेही गेलेले. यंत्र आपण होऊन ३४७, ८२१ असे आकडे चिकटवून पर्याय देते, पण ते त्याला नको असतात. तो जन्मसाल लावतो, मग १० आकडा, मग पुढे ‘कूल’, मागे ‘रॉकिंग’. तेवढ्यात लाइन जाते आणि अर्ज पहिल्यापासून भरावा लागतो. अशा घाईत ठरलेली नावे पुढे दहा-पंधरा वर्षे बायोडेटाच्या माथ्यावर गेली. बँकेत नोकरी मागणाऱ्या उमेदवाराचा पत्ता ‘प्रिन्स’ किंवा ‘लव्हरबॉय’ने सुरू होतो, तेव्हा त्यामागे प्लायवूडच्या त्या खणात संपत आलेला तास असतो.

रोमन लिपीने मराठी नावांची आणखी एक पंचाईत केली. ‘काळे’ आणि ‘काले’ तिथे एकच होतात. ‘ळ’, ‘ण’ आणि ऱ्हस्व-दीर्घ यांना जागाच नाही. त्यामुळे १९९६ पासूनची ‘मायबोली’ आणि तिच्यामागून आलेली ‘मनोगत’, ‘मिसळपाव’ अशी मराठी संकेतस्थळे सदस्यनाव देवनागरीत घेऊ देऊ लागली, तेव्हा नावांचा नूरच पालटला. आडनावाला आकडा जोडण्याची गरज उरली नाही. पुराणातली पात्रे, कादंबऱ्यांतली माणसे, खाण्याचे पदार्थ, म्हणींचे तुकडे, ठसकेबाज विशेषणे, सगळ्यांचे ‘आयडी’ झाले. मिसळपावच्या संस्थापकांनीच ‘विसोबा खेचर’ हे संत नामदेवांच्या गुरूंचे नाव घेतले होते. या मंडळींचे कट्टे भरू लागले तेव्हा प्रत्यक्ष भेटीतही ओळख करून देताना आधी आयडी सांगायचा आणि मग, वाटले तर, घरचे नाव, अशी रीत पडली.

नामदेवांचा उल्लेख आला आहे तर ‘नाव आधीच घेतलेले आहे’ ही अडचण मराठीत किती जुनी आहे तेही पाहावे. अभंग तोंडातोंडी फिरत असे. त्याला मुखपृष्ठ नव्हते, त्यामुळे कर्त्याचे नाव अभंगाच्या पोटातच ठेवावे लागे. हीच नाममुद्रा. ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘तुका म्हणे’ या साध्या मुद्रा झाल्या. काहींनी मुद्रेत आपल्याबरोबर दुसऱ्यालाही बसवले. एकनाथांनी ‘एका जनार्दनी’ म्हणून गुरू जनार्दनस्वामींना कायमचे जोडून घेतले, जनाबाईंनी ‘नामयाची दासी’ म्हणून नामदेवांना. ज्ञानेश्वरांच्या अभंगांतली ‘बाप रखुमादेवीवरु’ ही मुद्रा तर सगळी विठ्ठलाचीच. तिच्यात कवीचे नाव औषधालाही नाही. जांबचे नारायण सूर्याजी ठोसर ‘रामदास’ झाले आणि घरचे नाव चरित्रापुरते उरले.

या व्यवस्थेत पासवर्ड नव्हता. सोळाव्या शतकात मराठीत महाभारत रचणारा विष्णुदास नामा हा तेराव्या-चौदाव्या शतकातल्या नामदेवांहून वेगळा कवी, पण मुद्रा ‘नामा’. दोघांच्या रचना एकमेकांत इतक्या मिसळल्या की त्या निवडून वेगळ्या करायला आधुनिक संशोधकांना घाम गाळावा लागला. तुकारामांच्या गाथेचेही तेच. ‘तुका म्हणे’ हे दोन शब्द कुणालाही शेवटी लावता येत, आणि लोकांनी ते लावलेही. बनावट खात्यांची तक्रार आज ज्या कंपन्यांकडे जाते त्या तेव्हा नव्हत्या. त्यांचे काम संपादकांना करावे लागले.

छापखाना आला तेव्हा अडचण उलटी झाली. आता नाव पानावर ठळक छापले जाणार होते, आणि काहींना तेच नको होते. गोपाळ हरि देशमुख ब्रिटिश सरकारचे नोकर. १८४८ पासून त्यांनी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रे लिहिली आणि ब्राह्मणवर्गाच्या आळसापासून इंग्रजी राज्याच्या कारभारापर्यंत कुणालाच सोडले नाही. पत्रांखाली सही ‘लोकहितवादी’. शंभरावर आठ पत्रे झाली, ‘शतपत्रे’ म्हणून गाजली, आणि आज शाळेच्या पुस्तकात मुले सहीचे नाव पाठ करतात. देशमुख हे उपनाव जोडीने सांगावे लागते.

त्याहून मोठे वादळ १९३३ मध्ये उठले. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ह. वि. मोटे यांनी प्रसिद्ध केला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालते हे त्या कथांनी उघड सांगितले. घरच्यांना मुलीचा पगार हवा असतो आणि तिचे लग्न लांबले तरी चालते, ही गोष्ट कुणी छापील पानावर आणली नव्हती. या नावाची बाई कुणाच्याच ओळखीची निघेना. बाई असे लिहील का, की हा एखाद्या पुरुषाचा चावटपणा आहे, यावरही तर्क लढले. लवकरच ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली आणि गदारोळ वाढला. लिहिणाऱ्या होत्या बाळूताई खरे, कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या आणि शिक्षणक्षेत्रातच नोकरी करणाऱ्या. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर मालतीबाई बेडेकर. त्यांना आडोसा हवा होता तो अगदी व्यवहारी कारणाने. शाळेत मुलींपुढे उभे राहणारी बाई हेच लिहिते असे कळले असते, तर नोकरीचे काय झाले असते हे सांगायला नको. वादळ शमले, ओळख उघड झाली, तरीही १९५० मध्ये ‘बळी’ ही कादंबरी आली ती विभावरी शिरूरकर याच नावाने. आडोसा म्हणून घेतलेले नाव तोपर्यंत वाचकांच्या ओळखीचे झाले होते, आणि ते मोडण्यात लेखिकेचेच नुकसान होते.

लता मंगेशकरांची गोष्ट याच्या शेजारी ठेवण्यासारखी. गायिका म्हणून त्या शिखरावर होत्या. संगीत दिग्दर्शक म्हणून उतरायचे तर प्रत्येक चाल त्या शिखराशी मोजली गेली असती. म्हणून ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या चित्रपटांना त्यांनी ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला. पुरस्कार घ्यायला आनंदघन पुढे येईनात, तेव्हा ते कोण हे अखेर सभेत सांगावे लागले, असा किस्सा आहे. एकीला नाव नसल्याचा आधार हवा होता, दुसरीला नाव फार मोठे झाल्याची अडचण होती.

विनोदी लेखकांना पळवाट म्हणूनही टोपणनाव उपयोगी पडले. ‘ललित’ मासिकातल्या ‘घटका गेली पळे गेली’ या सदरात ठणठणपाळ मराठी साहित्यिकांना महिन्याच्या महिन्याला टपल्या मारत असे. ज्यांना टपल्या बसत तेच जयवंत दळवींचे मित्र, त्यामुळे दळवींना पडद्याआड राहणे भाग होते. वसंत सरवटे यांनी त्या नावाला चेहरा दिला, हातात हातोडा दिला, आणि ठणठणपाळ हा दळवींपासून सुटा असा इसम झाला. आजच्या भाषेत सांगायचे तर नावाबरोबर प्रोफाइल चित्रही पक्के झाले. ‘लोकसत्ता’तल्या ‘दोन फुल एक हाफ’ या सदराचे तंबी दुराई म्हणजे श्रीकांत बोजेवार. तिथेही वाचकांनी नावाशीच गट्टी केली.

दडण्यासाठी घेतलेल्या नावांपेक्षा मराठी कवींची नावे वेगळ्या जातीची. त्यांत नात्यांचा मोठा भरणा. कृष्णाजी केशव दामले केशवाचे पुत्र म्हणून केशवसुत. राम गणेश गडकरी धाकट्या गोविंदाचे थोरले भाऊ म्हणून गोविंदाग्रज. विष्णु वामन शिरवाडकरांच्या भावंडांत कुसुम ही एकुलती बहीण, म्हणून ते कुसुमाग्रज. शिरवाडकरांचे तर आणखी एक नाव मागे पडले होते: जन्मनाव गजानन, दत्तक गेल्यावर विष्णु वामन. म्हणजे दोन नावे घरच्यांनी ठेवली आणि तिसरे स्वतः घेतले तेव्हाही त्यात घरचेच माणूस आणले. आज व्हॉट्सॲपच्या गटात ‘आर्याची आई’ किंवा ‘ओमचे बाबा’ अशी नावे दिसतात, त्यांची वंशावळ थेट इथवर जाते.

प्रल्हाद केशव अत्रे यांचे ‘केशवकुमार’ ऐकल्याबरोबर वाचकाला केशवसुत आठवावेत अशीच त्याची घडण. वडिलांचे नाव खरोखरच केशव असल्यामुळे तक्रारीला जागाही नव्हती. १९२५ च्या ‘झेंडूची फुले’ या विडंबनांच्या पुस्तकाला याहून नेमके नाव मिळाले नसते. गडकऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले आणि कामे वाटून दिली: कविता गोविंदाग्रजांकडे, विनोद बाळकरामाकडे, नाटके स्वतःच्या नावावर. शिरवाडकरांनीही ‘विशाखा’ कुसुमाग्रजांना दिली आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांकडे ठेवले. कोकणातले चिंतामण त्र्यंबक खानोलकर कादंबऱ्यांत चिं. त्र्यं. राहिले आणि कवितेत आरती प्रभू झाले, ज्या नावावरून कवी बाई की पुरुष हे कळायला मार्ग नव्हता. नोकरीसाठी एक खाते, मित्रांसाठी दुसरे आणि मनातले लिहायला तिसरे असे तीन-तीन खाती चालवणाऱ्या आजच्या विशी-पंचविशीतल्या मुलांना ही वाटणी कुणी समजावून सांगावी लागत नाही.

पुस्तकांतून आणि पडद्यावरून उचललेली नावेही आहेत. फारसीचे प्राध्यापक माधव त्र्यंबक पटवर्धन ‘माधव ज्युलियन’ झाले, ते शेलीच्या कवितेतल्या ज्युलियनवरून असे मानतात. माणिक गोडघाटे यांचे ‘ग्रेस’ हे नाव इनग्रिड बर्गमनच्या एका चित्रपटातल्या संवादातून आले असे सांगितले जाते. २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हाही बातमीचा मथळा ‘ग्रेस’ असाच होता. आत्माराम रावजी देशपांडे यांनी ‘अनिल’ घेतले. त्यांचा आणि पत्नी कुसुमावतींचा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने आला तेव्हा दोघांची नावे सांधून ‘कुसुमानिल’ हे शीर्षक झाले. नवराबायकोच्या जोडखात्यांची आजची नावे बनतात ती याच रीतीने, फक्त संधी न करता.

आणि काही नावे आपण घेत नाही, लोक देतात. त्र्यंबक बापूजी ठोंबरे १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हणायला उभे राहिले तेव्हा पोरसवदा होते. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ म्हटले आणि ते नाव जन्माचे झाले. जगातला अव्वल बुद्धिबळपटू मॅग्नस कार्लसन याच्या बाबतीत उलटा प्रकार. त्याचे नाव जगाने डोक्यावर घेतलेले, तर तो ‘लीचेस’ या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ‘डॉक्टर ड्रंकनस्टाइन’ या दारुड्या नावाने खेळायला उतरला आणि नंतर दारू उतरल्याचे सुचवणारे ‘डॉक्टर निक्टरस्टाइन’ हे नाव घेऊन आला. स्वीडनच्या फेलिक्स चेलबर्गची कथा तर निव्वळ विसराळूपणाची. त्याचे आधीचे यूट्यूब खाते ‘प्यूडी’. त्याचा पासवर्ड तो विसरला, नवे खाते उघडताना तेच नाव मिळेना, म्हणून पुढे आवडीचा खाद्यपदार्थ जोडला. ‘प्यूडीपाय’ या नावाने पुढे कोट्यवधी वर्गणीदार जमवले.

महाराष्ट्रात या सगळ्या प्रश्नाचा गाभा आडनावात आहे. परक्या माणसाची ओळख होताना ‘आडनाव काय?’ आणि ‘मूळचे कुठले?’ हे दोन प्रश्न इतके सहज येतात की विचारणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. उत्तर देणाऱ्याला वाटते. इंटरनेटने कुणालाही अशी जागा दिली की तिथे आडनाव न सांगता वाद घालता येतो, कविता लिहिता येते, पाककृती देता येते. मायबोली-मिसळपावसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे एकमेकांशी भांडलेल्या लोकांना परस्परांची आडनावे ठाऊक नसतात, आणि त्यांचे त्यावाचून अडत नाही.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये हा नावाचा पेच मराठी साहित्यात सर्वांत धारदारपणे आला. १९७८ च्या या पुस्तकात कवी दया पवार यांना दगडू मारुती पवार भेटतो आणि आपली कहाणी सांगू लागतो. दोघे एकच आहेत. दगडू हे घरचे नाव, महारवाड्यातले. दया हे शहरातल्या साहित्यिक वर्तुळातले. पांढरपेशा झालेल्या दयाला दगडूची ओळख नकोशी वाटते आणि टाळताही येत नाही. दगडू, धोंडू, कचरू ही नावे कुणाच्या वाट्याला येत आणि का, हा प्रश्न त्या दोन नावांच्या बोलण्यातून वाचकाच्या अंगावर येतो. नाव बदलून माणूस सुटतो का, याचे पुस्तकाने दिलेले उत्तर सोपे नाही.

उलट दिशेनेही गर्दी आहे. आडनाव लपवायची सोय मिळताच कितीतरी तरुणांनी ते आणखी ठळक केले. ‘राजे’, ‘पाटील’, ‘९६’, ‘जय भीम’, ‘मल्हार’, आपापल्या समाजाची खूण नावात घालायची, तिला तालुक्याचे नाव जोडायचे, आणि दुचाकीच्या नंबरपट्टीवर जे लिहिले आहे तेच इन्स्टाग्रामवर आणायचे. एकाच मंचावर एकाला आडनावापासून सुटका हवी असते आणि दुसऱ्याला आडनावाचा झेंडा. दोघांच्याही मनात समोर बसलेला वाचक तोच असतो, आडनाव विचारणारा.

बायकांचा हिशेब आणखी निराळा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून घ्यायची पद्धत अजून कितीतरी घरांत आहे. त्यात बापाचे नाव आणि आडनाव तर जातेच, पुष्कळदा स्वतःचे नावही जाते. शाळेतली मैत्रीण शोधायची म्हणजे माहेरचे नाव लागते. म्हणून फेसबुकवर माहेर आणि सासर अशी दोन आडनावे शेजारी नांदू लागली. कुणी आडनाव टाकून आईचे नाव लावले. आता सरकारी कागदही त्या वाटेने थोडा सरकला आहे: १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. आडनाव बाजूला ठेवणारे पुरुषही झाले: गोव्यात डिचोलीला जन्मलेल्या वामन रघुनाथ वर्दे वालावलीकरांनी कोंकणी भाषेच्या कार्यासाठी ‘शणै गोंयबाब’ हे नाव घेतले, त्यात आडनावाच्या जागी सगळा गोवाच आला. वालावलीकर म्हटले तर आज पुष्कळांना ओळख पटत नाही.

एवढ्या कारणांनी लोक दुसरे नाव घेतात, हे मोठ्या कंपन्यांच्या आणि सरकारांच्या पचनी पडायला वेळ लागला. २०११ साली फेसबुकने मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींचे खाते बंद करून पारपत्र मागितले. पारपत्रावर पहिले नाव अहमद, म्हणून खाते ‘अहमद रश्दी’ नावाने चालू केले. हे नाव रश्दींनी कधी वापरलेले नव्हते. त्यांनी ट्विटरवर जाहीर टर उडवली तेव्हा कंपनीने माघार घेतली. त्याच वर्षी सुरू झालेल्या गूगल प्लसने खऱ्या नावाचा हट्ट धरला, त्यावरून रणे माजली, आणि २०१४ मध्ये तो नियम सोडून दिला. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची खरी ओळख पटवणे कायद्याने बंधनकारक केले. ओळखपत्रांचे साठे तयार झाले आणि २०११ मध्ये एका कंपनीतून साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या घटना न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला.

खरे नाव लावल्याची किंमत काय असू शकते हे महाराष्ट्राने पालघरमध्ये पाहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या आवडल्याची खूण केली, आणि दोघींना अटक झाली. दोघींनी काही लपवले नव्हते. पुढे गुन्हे मागे घेतले गेले, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ‘६६ अ’ कलमाचा त्या प्रकरणात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. दुसऱ्या बाजूला, खोट्या नावाआडून बायकांना धमक्या देणारे आणि बदनामीचे कारखाने चालवणारे आहेतच, आणि त्यांचा त्रास झालेल्याला टोपणनावाच्या परंपरेचे कौतुक ऐकवून उपयोग नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी यावर मधला मार्ग काढला: मोठ्या समाजमाध्यमांनी वापरकर्त्याला ओळख पटवून घेण्याची सोय द्यायची, पण ती ऐच्छिक.

हव्या त्या नावांची टंचाई वाढली तसा नावांना बाजारभाव आला. १३ जून २००९ च्या मध्यरात्री फेसबुकने पत्त्यात आपले नाव घालण्याची सोय खुली केली, तेव्हा जगभर लोक घड्याळ लावून बसले होते, कारण उशीर करणाऱ्याच्या वाट्याला पुन्हा आकडेच येणार होते. लहान, सुटसुटीत हँडले चोरली जाऊ लागली, विकली जाऊ लागली. पण नाव आपले असते म्हणजे किती आपले असते, हे २०२३ मध्ये दिसले. ट्विटरने स्वतःचे नाव ‘एक्स’ केले आणि ‘एक्स’ हे एका अक्षराचे हँडल अनेक वर्षे वापरणाऱ्या माणसाकडून ते काढून घेतले. कंपनीचेच घर असल्याने त्याला भांडायला जागा नव्हती.

नाव निवडायचे श्रमही आता यंत्र वाचवते. अमेरिकन अभिनेता डोनाल्ड ग्लोव्हरने वु-टँग क्लॅन या रॅप गटाच्या धर्तीवर नावे पाडून देणाऱ्या संकेतस्थळात आपले नाव टाकले आणि बाहेर पडलेले ‘चाइल्डिश गॅम्बिनो’ घेऊन ग्रॅमीपर्यंत गेला. त्याने निदान ते गमतीने केले होते. रेडिटवर आज नवा माणूस आला की दोन इंग्रजी शब्द आणि मागे आकडा असे तयार नाव पुढे येते, आणि घाईत असलेला तो तेच स्वीकारून आत जातो. एकदा ठरलेले नाव तिथे सहसा बदलता येत नाही. सायबर कॅफेतल्या मुलाने नाकारलेला तो आकडा आता निमूट घेतला जातो, आणि ‘हे नाव का घेतलेस?’ असे कुणी विचारले तर सांगायला काही नसते.